'स्लॅकर' म्हणजे नेमकं कोण? नागपूरच्या बॅचमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्डीजवळ मी संध्याकाळची इंग्रजी बोलण्याची बॅच घेतो. महिन्यातून एकदा तरी हा शब्द तिथे निघतोच. कोणाला नव्या टीम लीडने म्हटलेला असतो, कोणी वेब सीरिजमध्ये ऐकलेला असतो, एका ताईंना तर त्यांच्या आठवीतल्या पोराने म्हटला होता. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

स्लॅकर म्हणजे काय? एका वाक्यात सांगा.

जे काम आपल्या वाट्याचं आहे आणि आपल्याला जमतंही, ते टाळणारा किंवा कसंबसं उरकणारा माणूस. मराठीत सगळ्यात जवळचा शब्द 'कामचुकार'.

एका वाक्यात नाही समजलं, सर.

बरं. मार्च महिना घ्या. लोखंडी बॉडीचा जुना कूलर खालच्या खोलीतून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी न्यायचा आहे. चार कोपऱ्यांना चार जण. जिना अरुंद, वळणावर भिंतीचा रंग खरवडतो. सगळ्यात मोठा आवाज चौथ्याचा: "हां, उचला! डावीकडे घ्या! भिंत सांभाळा!" आता त्याच्या हाताकडे पाहा. बोटं टपाच्या कडेला नुसती टेकलेली आहेत, नखंसुद्धा पांढरी पडलेली नाहीत. त्याच्या कोपऱ्याचं वजन बाकी तिघांच्या मनगटात उतरलं आहे. वर पोचल्यावर घाम पुसायला पहिला रुमाल त्याचाच निघतो.

हा चौथा माणूस स्लॅकर. त्याने दांडी मारलेली नाही, तो हजर आहे. आजारी नाही, अशक्त नाही. फक्त त्याचा हात ढिला आहे. मी हे इतक्या बारकाईने सांगू शकतो, कारण कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तो चौथा मीच होतो. बाबांनी काही म्हटलं नाही, वळणावर नुसतं माझ्या बोटांकडे पाहिलं. पुढच्या जिन्याला पकड आपोआप घट्ट झाली.

मग आळशी आणि स्लॅकर यांत फरक काय?

आळस हा स्वभाव आहे, तो एकट्यालाही करता येतो. रविवारी अकरापर्यंत लोळणारा माणूस आळशी असेल, पण त्याच्या लोळण्याने कोणाचं अडत नसेल तर तो स्लॅकर नाही. स्लॅकर व्हायला वाट्याला आलेलं काम लागतं, आणि बहुतेक वेळा ते काम पाहणारं किंवा निस्तरणारं दुसरं कोणी तरी. उलटही खरं आहे. काही स्लॅकर भयंकर उद्योगी असतात. काम टाळण्यासाठी ते जेवढी धावपळ करतात, तेवढ्यात ते काम दोनदा झालं असतं.

हा शब्द आला कुठून?

'स्लॅक' या विशेषणातून. जुन्या इंग्रजीत ते 'निष्काळजी, आळशी, मंद' अशा अर्थाने होतं. आजही ताणलेली नसलेली दोरी म्हणजे स्लॅक दोरी. मराठीत याला हुबेहूब जोड आहे: ढील.

संक्रांतीला महाल-इतवारीच्या गच्चीवर ज्याने एकदा तरी चक्री धरली आहे, त्याला हा शब्द डिक्शनरीत पाहायची गरज नाही. पेच लागला की मागून कोणी तरी ओरडतं, "ढील दे बे, ढील दे!" तो जो सुटणारा मांजा, तो स्लॅक. गंमत अशी की आपला 'ढिला' संस्कृतच्या 'शिथिल'मधून झिजत झिजत आला, आणि तो जसा दोरीलाही लागतो आणि माणसाच्या स्वभावालाही, तसाच तिकडे 'स्लॅक'. ढिला मांजा, ढिला कारभार, कामात ढिलाई. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता दोरीची ढील आणि माणसाचा आळस एकाच शब्दात बांधले.

सैलसर पॅंटला 'स्लॅक्स' म्हणतात ते यातूनच. धंद्यातला मंदीचा काळ 'स्लॅक सीझन'.

म्हणजे ढील देणं वाईटच?

अजिबात नाही, आणि नागपूरच्या माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये. ढिलीने पेच लढवणारे काय कमी आहेत? इंग्रजीतही 'कट मी सम स्लॅक' म्हणजे 'जरा सांभाळून घ्या ना, इतकं ताणू नका'. 'पिक अप द स्लॅक' म्हणजे दुसऱ्याने सोडलेली ढील आपण ओढून घेणं, त्याच्या वाटचं काम आपण करणं. कूलरवाल्या जिन्यात ते तिघं नेमकं हेच करत होते. प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकणाऱ्यांना 'स्लॅक' भेटतो तो वेळेच्या हिशेबात: एखादं काम किती दिवस लांबलं तरी पूर्ण प्रोजेक्ट लांबत नाही, ते दिवस म्हणजे त्याचा स्लॅक. तिथे तो हवाहवासा असतो.

शेवटी 'अर' लागला की मात्र शिवी होते. सौम्य, पण शिवीच.

चुन्याच्या पुडीवर 'स्लेक्ड लाइम' वाचलं. त्याचा याच्याशी काही संबंध?

हा प्रश्न एका पानठेलेवाल्या भाऊंनी विचारला होता. हसण्यावारी नेला, घरी जाऊन शोधला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची माफी मागितली. आहे संबंध! 'स्लेक' आणि 'स्लॅक' एकाच मुळाचे. स्लेक म्हणजे शमवणं, जोर कमी करणं. तहान शमवणं याला इंग्रजीत हेच क्रियापद. कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो सणसणून तापतो, फुटतो आणि मग शांत होतो. त्याची धग उतरते, म्हणून तो स्लेक्ड.

आता आपल्या गावात हाच चुना खर्र्यात, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणात पडतो, पन्नीवर तो खर्रा दहा मिनिटं घोटला जातो आणि तेवढा वेळ चार जण ठेल्यावर उभे असतात. ऑफिसातल्या कामाला चुना लागतो तो असा. (भाऊंना हे आवडलं नाही.)

इंग्रजीत हा शब्द आधीपासूनच चेष्टेचा होता का?

नाही. आज तो हलकाफुलका वाटतो, पण शंभर वर्षांपूर्वी याच शब्दावरून लोकांना पकडून नेलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला 'स्लॅकर' रूढ व्हायला लागला तेव्हा अर्थ साधाच होता: कामात, खेळात अंग राखणारा. मग पहिलं महायुद्ध आलं आणि लढायला न जाणारा तो स्लॅकर झाला. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला, तरुणांना नाव नोंदवून कार्ड जवळ ठेवणं भाग पडलं. ज्याच्याकडे कार्ड नाही तो स्लॅकर असं धरून धाडी पडायला लागल्या. त्यांना नावच 'स्लॅकर रेड' होतं. सप्टेंबर १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सर्वात मोठी धाड पडली. रस्त्यावर, स्टेशनवर, नाटकगृहांच्या दारात तरुण अडवले गेले, हजारोंनी कोंडले गेले, आणि चौकशीअंती त्यांतले बहुतेक निर्दोष निघाले. कार्ड घरी राहिलेलं, किंवा वयच भरतीत न बसणारं. युद्धकर्जाचे रोखे न घेणाऱ्यालाही तेव्हा 'बॉण्ड स्लॅकर' म्हणून हिणवलं जायचं.

युद्ध संपलं, धार उतरली. पुढे १९९० च्या आसपास शब्दाने पुन्हा कूस बदलली. शिकलेली पण करिअरच्या मागे न धावणारी, कॉफी हाउसमध्ये गप्पा हाणत बसणारी अमेरिकन तरुण पिढी स्लॅकर म्हणवली जायला लागली. त्याच नावाचा एक सिनेमाही तेव्हा आला आणि काही पोरं तर हे नाव कॉलर ताठ करून मिरवायला लागली. एकाच शतकात देशद्रोहाच्या आरोपापासून फॅशनपर्यंत. माझ्या मते शब्दाचा हा इतिहास त्याच्या अर्थाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण स्लॅकर कोण हे नेहमी दुसराच कोणी तरी ठरवत असतो.

मराठीत याला शब्द नाही का? इंग्रजी कशाला?

मराठीत एक नाही, पोतंभर आहेत, आणि प्रत्येकाची छटा वेगळी.

'कामचुकार' आणि 'कामचोर' सरळ. 'अंगचोर' माझा आवडता: काम करताना अंग चोरणारा, म्हणजे कूलरचा चौथा कोपरा. 'अंग राखून काम करणं' हा त्याचाच सभ्य भाऊ. 'टंगळमंगळ' करणारा काम सुरूच करत नाही, पेन शोधतो, पाणी पितो, पंखा फास्ट करतो. 'चालढकल' करणारा आजचं उद्यावर टाकतो. इंग्रजीत तो प्रोक्रॅस्टिनेटर, आणि त्याला बिचाऱ्याला आतून खात असतं, स्लॅकरला खातच नाही. 'पाट्या टाकणं' म्हणजे रोजी भरावी इतकंच मोजून केलेलं, जीव नसलेलं काम. हल्ली ज्याला 'क्वायट क्विटिंग' म्हणतात, त्याला काही जण पाट्या टाकणं म्हणतील, पण ते पूर्ण बरोबर नाही. नेमून दिलेलं काम नीट करून सहा वाजता बॅग उचलणारा माणूस पाट्या टाकत नाही.

'आयतोबा' दुसऱ्याच्या जिवावर जगतो. 'उंटावरून शेळ्या हाकणारा' बहुधा तुमच्या वर बसलेला असतो.

आणि 'ऐदी'. या शब्दाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मुघलांच्या फौजेत 'अहदी' नावाचे शिपाई असत. ते कोणा सरदाराच्या हाताखाली नसत, थेट बादशहाचे. पगार चांगला, रोजची हजेरी-कवायत बेताची. बसून खाणाऱ्यांची त्यांची ख्याती अशी पसरली की हुद्द्याचं नाव आळशी माणसाला चिकटलं. म्हणजे 'स्लॅकर'ला फौजेची हवा लागली ती पहिल्या महायुद्धात, आणि आपला 'ऐदी' निघालाच मुळी फौजेतून, कितीतरी आधी.

एवढं असून लोक इंग्रजी शब्द का वापरतात? कारण 'कामचुकार' म्हटलं की भांडण होतं, 'स्लॅकर' म्हटलं की समोरचा हसतो. परक्या भाषेत शिवीची धार बोथट होते. सोय आहे ती.

भैताड, फोकनाड्या हे पण स्लॅकरच का?

नाही. भैताड म्हणजे वेडगळ, तो मन लावून चुकीचं काम करेल. फोकनाड्या बाता मारतो. स्लॅकर बऱ्याचदा फोकनाड्या असतो हे खरं, पण शब्द वेगळे ठेवा.

वाक्यात कसा वापरायचा?

नाम आहे, माणसासाठी. "तो एक नंबरचा स्लॅकर आहे." "ही पोरगी स्लॅकर नाही, तिला काम समजलंच नाही." अनेकवचन इंग्रजीसारखं 'स्लॅकर्स' किंवा मराठीसारखं नुसतं 'स्लॅकर', दोन्ही चालतं, 'स्लॅकरांना' म्हटलं तरी कोणी कान धरणार नाही. क्रियापद 'स्लॅक ऑफ' किंवा 'स्लॅकिंग'. आपल्याकडचं नेहमीचं वाक्य: "काऊन बे, स्लॅकिंग करून राह्यला का?"

एक चूक मात्र हमखास होते. "आय ॲम फीलिंग स्लॅकर टुडे" असं नका म्हणू. थकवा आला असेल तर 'टायर्ड', सुस्ती आली असेल तर 'लेझी'. आमच्या बॅचमधल्या एकाने नव्या नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर अगदी हेच टाकलं. त्याला म्हणायचं होतं, अंगात कणकण आहे. सगळ्यांनी वाचलं, हा स्वतःच कबूल करतोय.

उच्चार?

'स्लॅकर', 'बॅट'मधला ॲ. हिंदीच्या संगतीने 'स्लैकर' किंवा 'इस्लॅकर' निघतो, तो टाळा.

शर्कर, स्कायव्हर, गोल्डब्रिकर हे सगळे एकच का?

एकाच खानदानातले. 'शर्कर' जबाबदारी टाळणारा, जरा गंभीर शब्द, वर्तमानपत्री. 'स्कायव्हर' ब्रिटिश बोलीतला, शाळेला बुट्टी किंवा कामाला दांडी मारणारा. 'मॅलिंगरर' आजाराचं सोंग करणारा. हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी येतो, आपण जपून वापरावा. 'गोल्डब्रिकर' अमेरिकन. पितळेच्या विटेला सोन्याचा मुलामा देऊन विकणारे ठग होते, त्यावरून वरून चकचकीत, आतून पोकळ असा माणूस. पुढे सैन्यात तो शब्द अंग चोरणाऱ्यांसाठी रुळला. रोजच्या बोलण्याला स्लॅकर पुरे.

कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक तरी स्लॅकर निघतोच. असं का?

याचं उत्तरही दोरीनेच दिलं आहे. मॅक्स रिंगलमन नावाचा फ्रेंच शेतकी अभियंता होता. माणसांना दोरी ओढायला लावून तो जोर मोजायचा; त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो घोळक्यात लावत नाही. आठ जण झाले तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांची ओढ एका वेळी पडत नसेल, ताल चुकत असेल. तीच शंका पुढे १९७४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासली. माणसाचे डोळे बांधले आणि मागे बाकीचे ओढताहेत असं त्याला भासवलं. मागे खरं तर कोणी ओढतच नव्हतं. तरी त्याचा हात ढिला पडला! १९७९ मध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून पुन्हा हेच दिसलं, आणि या प्रकाराला 'सोशल लोफिंग' हे नाव पडलं. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जाणार हे माहीत असलं की ही ढिलाई जवळपास नाहीशी होते.

तेव्हा ग्रुपमधल्या त्या एका पोरावर चिडण्याआधी पहिल्याच दिवशी कोणाचं काय ते कागदावर लिहा, नावासकट. 'आपण सगळे मिळून करू' हे वाक्य स्लॅकर तयार करण्याचा कारखाना आहे. आमच्या कूलरला तरी काय, बाबांची नजर माझ्या बोटांवर गेली आणि काम झालं.

स्लॅकर कोणाला म्हणू नये?

ज्याला काम मिळालेलंच नाही त्याला. सकाळी ठिय्यावर टिकाव-फावडं घेऊन उभा असलेला मजूर दहा वाजेपर्यंत उभाच दिसला, तर तो स्लॅकर नाही. त्याच्या वाट्याला काम यायचं आहे. आजारी माणसाला, खचलेल्या माणसाला म्हणू नये. न्यूयॉर्कची धाड आठवा, कार्ड घरी राहिलेला प्रत्येक जण पळपुटा नसतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी दोन वाजता कोणी कूलरपुढे पाठ टेकली, तर त्यालाही नाही. पहाटे पाचला दुकानाचं शटर उघडणाऱ्याची ती झोप हक्काची आहे. नागपूरची दुपार पुण्या-मुंबईच्या घड्याळाने मोजू नका.

संपाचं हत्यार म्हणून ठरवून केलेलं 'नियमानुसार काम' किंवा लेखणीबंद आंदोलन हेही स्लॅकिंग नव्हे. ते पटो न पटो, उघड सांगून केलेलं असतं. स्लॅकर कधी सांगून करत नाही.

ऑफिसच्या ईमेलमध्ये किंवा नोटिशीत लिहू शकतो का?

नाही. बोलीतला शब्द आहे. कारणे दाखवा नोटिशीत 'कर्तव्यात कसूर', 'कामात हयगय' असं लिहितात, इंग्रजीत 'नेग्लिजन्स' किंवा 'फेल्युअर टु परफॉर्म ड्यूटीज'. शिवाय 'स्लॅकर' हा माणसावरचा शिक्का आहे आणि नोटिशीत तारीखवार घटना लागतात. इंटरव्ह्यूमध्ये जुन्या सहकाऱ्यांबद्दल तर चुकूनही वापरू नका.

आमच्या कंपनीत 'स्लॅक' ॲप आहे. ते कामचुकारांसाठी का?

मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, नोकरी करणाऱ्या एका पोराच्या आईने विचारलं होतं. नाही हो काकू, ते कामाच्या गप्पांचं ॲप आहे, २०१३ साली आलेलं. त्या नावाचा लांबलचक विस्तारही कंपनीने सांगितला आहे, पण शब्दाची मजा तिला ठाऊक नसेल असं वाटत नाही.

आणि 'स्लॅक बस'?

एसटीची नव्हे! हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा प्रश्न. वीजजाळ्याचं गणित मांडताना बाकीच्या केंद्रांनी किती वीज द्यायची ते आधी ठरवतात. पण तारांमध्ये नेमकी किती वाया जाणार, ते गणित सुटल्याशिवाय कळत नाही. ती उरलेली तूट भरून काढायला एक केंद्र मोकळं ठेवतात, ते स्लॅक बस. म्हणजे नावात स्लॅक असूनही हा स्लॅकरच्या अगदी उलट. सगळ्यांची ढील ओढून घेणारा. प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतो आणि त्याचंच प्रमोशन राहून गेलेलं असतं.

सर, माझ्या आठवीतल्या पोराने मला स्लॅकर म्हटलं. काय करू?

सुरुवातीला म्हटलं त्या याच ताई. घटना अशी की रविवारी त्या दुपारभर झोपल्या आणि सोमवारच्या युनिफॉर्मला इस्त्री राहिली. मी त्यांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचायला सांगितलं: काम कोणाच्या वाट्याचं होतं? तेरा वर्षांच्या धडधाकट पोराच्या शर्टाची इस्त्री आईच्या वाट्याला कोणी लिहिली? काम आपलं, अंगात ताकद आहे, आणि करतंय दुसरंच कोणी. मग या घरात स्लॅकर कोण?

ताईंनी इस्त्री त्याच्याच हातात दिली. पहिल्या दिवशी कॉलरवर पिवळा डाग पडला म्हणे. तोच शर्ट घालून गेला.